बॅटरीचे घराणे

गेल्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत मला एक अगदी क्षुल्लक निर्णय घेता येत नव्हता. भिंतीला भोके पाडण्याचे बिनवायरीचे ड्रिल कोणत्या कंपनीचे घ्यावे, एवढाच तो प्रश्न होता. बारामतीच्या महाविद्यालयात मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न पडावा यात थोडे हास्यास्पद आहे, हे मला मान्य आहे. पण निवृत्तीनंतर बारामतीचे भाड्याचे घर सोडून पुस्तकांसह इंदापूर तालुक्यातल्या शेतावरच्या घरी यायचे ठरले आणि पुस्तके जमिनीवर ठेवता येत नाहीत. वाळवी समीक्षकांपेक्षा कसून वाचते. फळ्या हव्या होत्या, फळ्यांना आधाराचे कोन हवे होते, कोनांना स्क्रू आणि स्क्रूंना भोके.

यापूर्वी एकदा मी असे यंत्र घेतले होते आणि फसलो होतो. आकर्षक खोके, आत चोवीस टोके, दोन बॅटऱ्या, किंमत नामांकित यंत्राच्या निम्म्याहून कमी. दीड वर्ष ते चालले. मग दोन्ही बॅटऱ्या एकामागोमाग गेल्या. दुकानात विचारले, तर उत्तर मिळाले, "याची बॅटरी आता येत नाही सर, नवीन मशीनच घ्या." मोटर धडधाकट होती, चक धडधाकट होता, टोके जवळजवळ कोरी होती. एका प्लॅस्टिकच्या खाचेत बसणारा नेमका तुकडा जगात उरला नव्हता, म्हणून बाकीचे सारे भंगार झाले. ते यंत्र अजून माळ्यावर आहे. लिपी लोप पावलेल्या हस्तलिखितासारखे ते टाकवत नाही आणि उपयोगीही पडत नाही.

या अनुभवानंतर मी अभ्यासाला बसलो. दुसरे काही न जमणाऱ्या माणसाचा तोच मार्ग असतो. हातात धरायचे विजेचे ड्रिल जर्मनीत फाइन यांनी १८९५ मध्ये केले. अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या जोडीला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा घोडा असलेल्या ड्रिलचे पेटंट १९१७ मध्ये मिळाले. त्याच कंपनीने १९४६ मध्ये घरगुती माणसासाठी ड्रिल बाजारात आणले आणि १९६१ मध्ये वायर तोडली. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या जमिनीत बॅटरीवरच्या ड्रिलने भोके पाडायचा प्रयत्न केला. तेव्हा ती जमीन अपेक्षेपेक्षा फार घट्ट निघाली आणि ते टेकीला आले. हे वाचून मला धीर आला. आमच्या घराची एक भिंत काळ्या दगडाची आहे.

मग आकड्यांची पाळी आली. अठरा व्होल्ट आणि वीस व्होल्ट यांत मोठे कोण, या कोड्यात मी आठवडा घालवला. उत्तर असे, की दोन्ही एकच आहेत. आत लिथियम-आयनचे पाच घट एकापाठोपाठ जोडलेले असतात. प्रत्येकाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, म्हणून १८. पूर्ण भरलेल्या क्षणी प्रत्येक घट चारच्या थोडा वर असतो, म्हणून खोक्यावर 'कमाल २०'. जाहिरातीने सरासरीऐवजी शिखर सांगितले, इतकेच. व्होल्टला ॲम्पिअर-तासाने गुणले की खरी शिदोरी कळते. १८ व्होल्टची दोन ॲम्पिअर-तासांची बॅटरी ३६ वॉट-तासांची आणि चारची ७२ ची. वजनही त्या मानाने वाढते. शिडीवर उभे राहून हात वर करून काम करणाऱ्याला हे दहा मिनिटांत समजते.

कंपन्यांच्या नावांचीही अशीच गंमत. डीवॉल्ट, स्टॅनली आणि ब्लॅक अँड डेकर ही दुकानात शेजारी शेजारी मांडलेली प्रतिस्पर्धी नावे एकाच घरातली आहेत. हिताचीची यंत्रे २०१८ पासून हायकोकी या नावाने येतात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळमध्ये १९७० च्या दशकापासून विजेवरची हत्यारे बनतात, हे तर मला निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसत नाही. बॉशचे तर घरातच दोन सोवळे आहेत. निळ्या यंत्रांची अठरा व्होल्टची बॅटरी हिरव्या यंत्रांना चालत नाही, हिरव्यांची निळ्यांना चालत नाही. एकदा बॅटरी आणि चार्जर घेतला, की पुढची करवत, घासणी, पंखा, दिवा सारे त्याच घराण्यातून आणावे लागते. नुसते यंत्र स्वस्त मिळते आणि बॅटरी महाग असते. म्हणजे आपण ड्रिल विकत घेतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात एका घराण्याचा गंडा बांधून घेत असतो.

इथे मला बारामतीचेच मोरोपंत आठवले, आणि हे केवळ सवयीने नव्हे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेल्या या कवीने आर्या हे वृत्त आपले मानले आणि जन्मभराच्या लेखनाचा मोठा भाग त्या मापात बसवला. एकशे आठ रामायणे लिहिताना त्यांनी स्वतःवर चमत्कारिक बंधने घालून घेतली. निरोष्ठ रामायणात ओठ जुळवून उच्चारायची अक्षरेच नाहीत. वर्गात मी हे कौतुकाने सांगत असे आणि मुले विचारत, "पण सर, कशासाठी?" मी उत्तर देत असे, की बंधन आधी निवडले की पुढचे असंख्य निर्णय आपोआप सुटतात. ते उत्तर बरोबर होते. पण आर्येचे माप कोणाच्या मालकीचे नव्हते, हे मी तेव्हा सांगितले नव्हते. मोरोपंतांच्या नंतर कोणालाही त्याच मापात लिहिता आले. माझ्या माळ्यावरच्या यंत्राचे माप मात्र ते घडवणाऱ्याने मनात आणले तेव्हा बंद झाले.

अभ्यास पुरेसा झाल्यावर मी आमच्या सुतारनानांच्या मुलाला फोन केला. हा मुलगा म्हणजे आता चाळिशीचा गृहस्थ. बारामतीच्या एमआयडीसीजवळ त्याचे स्वयंपाकघराची कपाटे बनवण्याचे लहानसे दुकान आहे. मी व्होल्ट, वॉट-तास, ब्रशलेस मोटर असे सारे सांगितले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "सर, मशीन बघू नका, बॅटरी बघा. मशीन काय, कुठलंबी फिरतंय. बॅटरी गेल्यावर कुठं पळायचं ते आधी ठरवा." मग त्याने मला जे चार प्रश्न विचारले, ते माझ्या महिनाभराच्या वाचनात आले नव्हते. भिंत कसली? वस्तीवर लाइट किती तास? उन्हाळ्यात यंत्र कुठे ठेवणार? दुरुस्ती बारामतीत होते की पुण्याला पाठवावे लागते?

भिंती दोन तऱ्हेच्या होत्या. जुना भाग दगड आणि पांढरीच्या मातीचा, नवा विटांचा. मातीच्या भिंतीत भोक क्षणात पडते, पण प्लग धरत नाही. दगडात साधे ड्रिल नुसते किंचाळते. तिथे ठोके देणारे हॅमर ड्रिल लागते आणि ते वर्षातून एकदा भाड्याने आणणे शहाणपणाचे. विटांसाठी आणि लाकडासाठी अठरा व्होल्टचे साधे इम्पॅक्ट ड्रिल पुरे. वीज आमच्याकडे पाळीने येते, तेव्हा चार्जर लवकर भरणारा हवा आणि बॅटऱ्या दोन हव्यात. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत यंत्र ठेवले तर लिथियम उष्णतेनेच म्हातारे होते. अर्धी भरलेली बॅटरी घरात, थंड कोनाड्यात ठेवावी. माझी पहिली यंत्रजोडी का मेली, हे मला तेव्हा उमगले. दोष केवळ स्वस्तपणाचा नव्हता. मी ती दोन उन्हाळे पत्र्याखाली, पूर्ण रिकामी करून ठेवली होती.

शेवटी तो हसत म्हणाला, "आता तुम्हीच सगळं करणार म्हटल्यावर आम्हाला कशाला बोलावताय!"

ते तो चेष्टेने म्हणाला, पण ते वाक्य माझ्याजवळ राहिले. आमचे मूळ गाव भीमेच्या काठी होते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात ते गेले. पाणी उतरले की जुन्या पळसदेवचे देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला जातात. आमच्या गावाचे वर येण्यासारखे काही नाही. त्या गावात नानांचे वडील आमचे बलुतेदार सुतार होते. नांगर, कुळव, चौकट, पाळणा, तिरडी सारे त्यांनी करायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. माझ्या आजोबांनी आयुष्यात पटाशी हातात धरली नाही. गरज पडली नाही, आणि धरली असती तर गावाने नावे ठेवली असती. गाव उठले तेव्हा आम्हाला जमिनीचा मोबदला मिळाला. ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याच्या बलुत्याचा मोबदला कोणत्याही तक्त्यात बसत नव्हता. आम्ही एका गावठाणात गेलो, ते दुसऱ्या. आजोबांनी वाड्याची सागवानी चौकट बैलगाडीतून आणली. ती उतरवून, क्रमांक घालून, नव्या घरात पुन्हा उभी करायला सुतार आले होते. ते त्यांचे आमच्याकडचे शेवटचे बलुत्याचे काम. त्या वर्षी आमच्याकडे खळेच नव्हते.

'आपले आपण करा' ही कल्पना जिथे जन्मली, तिथे कारागिराची मजुरी महाग होती आणि हाताने काम करण्यात कमीपणा नव्हता. आपल्याकडे दोन्ही गोष्टी उलट होत्या. म्हणून निवृत्त प्राध्यापकाने हातात ड्रिल घेणे ही इथे केवळ काटकसर किंवा छंद होत नाही. मला वाटत होते, की मी उशिरा का होईना श्रमाला प्रतिष्ठा देतो आहे. पण ज्याच्या पिढ्यांनी ते काम पोटासाठी केले, त्याला माझ्या प्रतिष्ठेचे काय? त्याचा प्रश्न साधा होता. जे काम तुम्ही आम्हाला देत होता, ते तुम्हीच काढून घेणार का? याला माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते आणि अजून नाही. मी एवढेच ठरवले, की फळ्या मी लावीन, पण पुस्तकांचे मोठे कपाट तोच करील, त्याच्या दराने आणि त्याच्या सवडीने.

राहिला कंपनीचा प्रश्न. तो मग एका वाक्यात सुटला. "तुझ्याकडे कोणते आहे?" असे मी विचारले. त्याच्याकडे बॉशचे निळे, अठरा व्होल्टचे. मी तेच घेतले. तक्त्यात दुसरे एक यंत्र ताकदीने किंचित सरस होते, हे मला माहीत होते. पण मला पन्नासेक किलोमीटरच्या टापूत ज्याची बॅटरी माझ्या यंत्रात बसेल असा माणूस हवा होता.

घरी यंत्र आले तेव्हा नाना पाहायला आले. वय झाले आहे, हात कापतो. त्यांनी ते उचलून वजन पाहिले, घोडा दाबला आणि दचकून सोडला. त्यांच्या तरुणपणी एक जण दोरी ओढी आणि दुसरा सामता दाबून धरी. पुढे गिरमिट आले, मग वायरचे यंत्र. "हळू फिरव," ते मला म्हणाले, "फळी फाटंल." मी वेग कमी केला. फळी फाटली नाही. मग उत्साहाच्या भरात मी जुन्या चौकटीला पडद्याचा हूक लावायला निघालो, तर त्यांनी यंत्रावर हात ठेवला. "तिला नको." का, ते सांगितले नाही. मी चौकटीजवळ वाकून पाहिले, तर सांध्यांत एकही खिळा नव्हता, सगळ्या लाकडी खुंट्या. एका खुंटीशेजारी पटाशीने कोरलेला क्रमांक होता, चार. तो त्यांच्या वडिलांच्या हातचा.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी माझे यंत्र पाटावर मांडले. हळदकुंकू वाहताना जरा संकोच वाटला, कारण माझ्या घराण्यात हत्यारांची पूजा म्हणजे पेन आणि पुस्तके. दुपारी नानांच्या मुलाचा फोन आला. पळसदेवला एक काम अडले होते, दोन्ही बॅटऱ्या संपल्या होत्या, तिथे लाइट नव्हती. "सर, पूजा झाली असंल तर तुमची बॅटरी न्यायला येऊ का?"

पूजा झाली होती. तो बॅटरी घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आणून दिली. पूर्ण भरलेली.