कोऱ्हाळ्यांतील पोलादी घड्याळें

नीरा डाव्या कालव्याच्या बाजूबाजूनें, उंसाच्या मळ्यांतून आम्ही कोऱ्हाळे बुद्रुक येथें पोंचलों. यजमानांनीं जुन्या पोलादी घड्याळांचा संग्रह आम्हांपुढें मांडला. पोलाद म्हणजे हलकें, असें कोणी समजूं नये! हिंदुस्थानांत पोलो खेळणाऱ्या गोऱ्या अंमलदारांच्या घड्याळांच्या कांचा फुटत. त्यांवर उपाय म्हणून १९३१ सालीं निघालेलें, तोंड उलटें फिरविणारें ‘रिव्हर्सो’ही पोलादाचेंच. यजमानांच्या संग्रहांत तें नाहीं; वडिलांचें ‘फेवर ल्यूबा’ मात्र आहे. ही स्विस पेढी १८६५ सालीं हिंदुस्थानांत आली. पुतण्यानें घड्याळाचे ओरखडे घांसून घेण्याचें सुचवितांच यजमान हंसले. घांसल्यानें कडा झिजतात. तबकडी नव्यानें रंगविली कीं मूळ अक्षरें जातात, आणि जाणता संग्राहक तें हातींही धरीत नाहीं. बाजारांत अशीं रंगविलेलीं घड्याळें रगड मिळतात. यजमानांचे चिरंजीव पुण्यास असतात. हा ठेवा त्यांस हवा कीं नको, हें अद्याप विचारलेलें नाहीं.