रकान्यात न मावणारा गडी

टोपलीत चेंडू टाकणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी सर्वांच्या तोंडी असते. टोपलीखाली उभे राहून तो पडू न देणाऱ्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. बास्केटबॉलमधला हा अन्याय माझ्यासारख्या सरकारी कारकुनाला फार ओळखीचा वाटतो. आमच्याकडेही किती प्रकरणे निकालात निघाली हे मोजतात. किती घोळ होऊ दिले नाहीत, याला रकानाच नसतो.

अशा गड्याची किंमत करावी कशी? १९५६ सालचा एक सौदा पाहावा. बोस्टनचा सेल्टिक्स संघ तेव्हा गुण करण्यात कोणाला हार जाणारा नव्हता. कूझी आणि शर्मन ही जोडी ऐन बहरात होती. पण विरोधकांना थोपवून धरणारा उंच 'सेंटर' संघापाशी नव्हता, आणि अंतिम फेरी संघाने कधी पाहिली नव्हती. प्रशिक्षक रेड आउअरबाख यांची नजर बिल रसेलवर होती. परंतु नवोदितांच्या निवडीतला दुसरा हक्क सेंट लुईसच्या हॉक्स संघाचा! तो मिळावा म्हणून बोस्टनने एड मकॉली हा नावाजलेला खेळाडू दिला आणि वर क्लिफ हेगनही दिला. खणखणीत नाणी देऊन न वटलेली हुंडी घेतली, असेच एखादा व्यवहारी माणूस म्हणाला असता.

पुढच्या तेरा हंगामांत, १९६९ पर्यंत, बोस्टनने अकरा विजेतेपदे जिंकली. रसेलची गुणांची सरासरी मात्र सामन्यामागे जेमतेम पंधरा. अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्यापेक्षा तो सहकाऱ्याच्या हाती जाईल असा हलकेच टोलवावा, ही त्याची रीत. शिवाय त्याच्या धाकाने ज्या फेकी फेकल्याच गेल्या नाहीत, त्या कोण मोजणार? अडवलेल्या फेकींची अधिकृत नोंद सुरू झाली ती १९७३ च्या हंगामापासून. रसेल तोवर निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती.

२०२२ मध्ये मिनेसोटाने रूडी गोबेअरसाठी पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीचे चार निवडहक्क मोजले, तेव्हा हसणारे पुष्कळ होते. पहिल्या हंगामात ४२ विजय. दुसऱ्यात ५६, आणि साऱ्या लीगमध्ये सर्वोत्तम बचाव. विजेतेपद त्या वर्षी हुकले, हेही खरे. तरी मला तो सौदा महाग वाटत नाही.

आणि मकॉलीचे काय? सेंट लुईस हे त्याचे गाव. त्याच्या लहानग्या मुलाला मेंदूज्वराने ग्रासले होते. घरी परतायला तो स्वतःच राजी होता. आपण सरकारी माणसे जिला 'परस्पर बदली' म्हणतो, तिच्यापेक्षा हे फारसे वेगळे नव्हे. १९५८ मध्ये तो आणि हेगन हॉक्सकडून विजेते ठरले, तेही बोस्टनलाच हरवून. सौद्यात एकजण बुडालाच पाहिजे असे थोडेच आहे?

माझी आई साताऱ्यास एकटी असते. दिल्लीहून पुण्यास जाण्यासाठी गेली दोन वर्षे मी असा जोडीदार शोधतो आहे. एक जुळत आला होता; त्याच्या घरच्यांनी इथल्या थंडीचे नाव ऐकून पाय मागे घेतला. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका गृहस्थांचे पत्र आले. तुमच्या टेबलावर नेमके काम काय असते, असे त्यांनी विचारले आहे. दोनदा उत्तर लिहावयास बसलो. कागद अजून कोराच आहे.