दहा वर्षांचा शब्द

डिसेंबर 1887. अमेरिकेत बॉस्टनला पंडिता रमाबाईंच्या कामासाठी ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. पाठोपाठ ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा आणि दहा वर्षे देत राहायचे, असा करार. रक्कम किरकोळ, मुदत मात्र घसघशीत.

त्या शब्दाच्या भरवशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. विधवांनी तिथे राहायचे, जेवायचे, शिकायचे. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये देवरुखची गोदूबाई होती. लहानपणीच वैधव्य आलेली.

पुढे सदन पुण्याला आले आणि 1893 मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखी वजनदार माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या. अशा वेळी देणगीदार हात आखडता घेतो, हा सार्वत्रिक अनुभव. बॉस्टनने हात आखडता घेतला नाही. ठरलेली मुदत पुरी केली.

त्याच वर्षी गोदूबाईने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली, सगळ्यांची बाया कर्वे. कर्व्यांच्या गावाने या जोडप्यावर बहिष्कार घातला. तीन वर्षांनी, 1896 मध्ये, कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी पुण्याजवळच्या हिंगण्याची जमीन आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले. फर्ग्युसनमधले गणिताचे तास संपवून कर्वे पायी हिंगण्याला जात.

जमीन मिळाली, झोपडी उभी राहिली. पण वर्षभराचा शिधा कुठून आणायचा? इथे पुढे आल्या बायांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा. ज्या काळात सकाळी विधवेचे तोंड पाहणे अशुभ मानत, त्या काळात ही बाई परक्या घरांत जाऊन आश्रमासाठी वर्गणी मागत होती. चाळिशी उलटल्यावर, 1918 मध्ये, त्या अमेरिकेला निघाल्या. इंग्रजी जेमतेम. तिथे लोकांच्या घरी घरकाम करता करता भाषा शिकल्या आणि संस्थेसाठी पैसे जमवले. आपल्या ‘माझी कहाणी’त हे सारे त्यांनी लिहून ठेवले आहे.

बॉस्टनच्या वार्षिक अहवालात ‘एक विधवा शिकली’ एवढीच नोंद होऊ शकली असती. त्या एकीचे घर पुढे हिंगण्याच्या कामाचा आधार होईल आणि तिची बहीण त्याच अमेरिकेत हिंगण्यासाठी मदत मागायला जाईल, हे कुठल्या रकान्यात मांडणार?

कर्व्यांनी पुढे काढलेल्या महिला विद्यापीठाला 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे नाव मिळाले. या देणगीचेही मर्म तेच. व्याजापोटी साल दरसाल 52,500 रुपये येणार, ही खात्री मोलाची. पुढच्या वर्षी पगार होतील की नाही, ही धास्ती असलेल्या संस्थेला पुढचे काही सुचत नाही.

आज देणाऱ्यांची वाण नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. स्त्रियांची वसतिगृहे त्या यादीत आहेत. पण याच कायद्याखालच्या नियमांत ‘चालू प्रकल्पा’ची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून फार तर तीन वर्षे. आठवीत वसतिगृहात आलेली मुलगी तेवढ्यात बारावीच्या उंबरठ्यावर पोचते. तिच्या पदवीचे काय, हा प्रश्न नव्या प्रस्तावात, नव्या अधिकाऱ्यापुढे, पहिल्यापासून मांडायचा. शिवाय शिलाई यंत्रे वाटल्याचा फोटो निघतो. वसतिगृहाच्या अधीक्षिकेचा पगार, किराणा, पाणीपट्टी यांचा निघत नाही. मुली टिकतात त्या मात्र याच खर्चावर.

आपल्या तालुक्यात मुलींचे एखादे वसतिगृह असेल, तर वाढदिवसाला एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी द्या. किती वर्षे देणार, ते आधी सांगा. आणि ती किराण्यावर खर्च झाली तर हरकत घेऊ नका.