ओटा केवढा?

आम्ही कलाशाखेची मुले. यंत्राशी आमचा संबंध पंख्याचे बटण दाबण्यापुरता, असे विज्ञानशाखेतील मित्र म्हणतात आणि गेल्या वर्षापर्यंत ते मलाही मान्य होते. परंतु गेल्या हिवाळ्यात मी एका यंत्रावर खोटा आळ घेतला. तो निस्तरताना जे शिकले, ते येथे लिहून ठेवावेसे वाटते.

त्याचे असे झाले. मराठी विभागातील प्रकल्पासाठी मी मराठी विकिपीडियावरील लेख निवडले होते. २००३ साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशात माणसे कशाकशाविषयी लिहितात, हे मोजून पाहायचे होते. सोबतीने येणाऱ्या शब्दांवरून मजकुराचे विषय ओळखण्याची एक रीत डेव्हिड ब्लाय, अँड्र्यू इंग आणि मायकेल जॉर्डन यांनी योगायोगाने २००३ सालीच मांडली. ती वापरणारी, जावा भाषेत लिहिलेली एक आज्ञावली सरांनी मिळवून दिली. विषय २००, फेऱ्या १०००. शनिवारी संध्याकाळी विभागाच्या संगणकावर काम लावायचे आणि सोमवारी सकाळी उत्तर घ्यायचे, असा बेत होता.

सोमवारी जाऊन पाहते तो उत्तराऐवजी तक्रार! आवराआवरीचा खर्च मर्यादेबाहेर गेला, अशा अर्थाची एक ओळ, आणि काम बंद. पुढच्या सोमवारीही तेच. मी सरांना छातीठोकपणे सांगितले, "सर, यंत्रच कमकुवत आहे. नवी मेमरी घेतल्याशिवाय हे व्हायचे नाही."

सर भोळे. त्यांनी विभागाच्या ग्रंथखरेदीच्या पैशांतून मेमरी घेण्याचा अर्ज लिहायला घेतला. त्या पैशांत यायच्या पुस्तकांची यादी मी पाहिली होती. त्यांतली चार तर मीच सुचवलेली होती.

घरी आई डबे करते. पोळ्या लाटता लाटता तिने विचारले, "काय गं, तोंड का उतरलंय?" मी सांगितले, "यंत्राचा सगळा वेळ म्हणे आवरण्यातच जातो, काम होतच नाही." आई हसली. "आपल्या जुन्या खोलीत माझं तेच व्हायचं. दोन हात ओटा. एक पातेलं ठेवायचं तर दुसरं घासून उचलावं लागायचं. त्याला ओटा केवढा दिलाय तुम्ही?"

केवढा दिला होता? मला ठाऊकच नव्हते!

दुसऱ्या दिवशी माहिती काढली. जावाची आज्ञावली थेट यंत्रावर चालत नाही. खऱ्या यंत्राच्या आत एक आभासी यंत्र असते, त्यावर ती चालते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली ही जावा लोकांपुढे आणली. नको झालेला माल उचलून जागा मोकळी करण्याचे काम हे आभासी यंत्र स्वतःच करते. ही कल्पना जावाहूनही जुनी, जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठी काढलेली. आमची तक्रार होती ती याच केर काढण्याविषयी. ९८ टक्क्यांहून अधिक वेळ केर काढण्यात जातो आणि जागा मात्र दोन टक्केही सुटत नाही, अशी वेळ आली की हे यंत्र हात टेकते.

आणि ओटा? संगणकात मेमरी आठ गिगाबाईट. पण आज्ञावली सुरू करण्याच्या फाइलीत स्वच्छ लिहिले होते, एक गिगाबाईट. आठ हातांचा ओटा मोकळा पडलेला, आणि मी बिचाऱ्याला एका हातावर स्वयंपाक करायला लावून वर कमकुवत म्हणत होते.

उत्साहाच्या भरात मी एकाचे आठ केले. संगणक असा रेंगाळला की बाण हलायला मिनिट लागे. खुद्द संगणकाच्या रोजच्या कामांनाही मेमरी लागते. ती उरली नाही की सामान तबकडीवर जाऊन बसते. आईच्या भाषेत, प्रत्येक वाटीसाठी शिडी लावून माळ्यावर चढायचे.

मग शहाणी झाले. प्रत्येक आवराआवरीची नोंद ठेवायला आभासी यंत्राला सांगता येते. ५० फेऱ्यांची छोटी चाचणी लावून मी ती नोंद वाचली. पुरती झाडलोट झाल्यावरही दोन गिगाबाईटच्या आसपास माल उरत होता. म्हणजे तो केर नव्हता, कामाचाच माल होता. मराठीत घर, घरात, घराला, घरासमोर हे सारे यंत्राच्या लेखी वेगळे शब्द, त्यामुळे शब्दांची यादी अफाट फुगते. शिवाय एकाच वेळी चार हातांनी काम चालवले की आमच्या आज्ञावलीत प्रत्येक हात शब्दांच्या हिशेबाची आपली वेगळी प्रत घेऊन बसतो. चार बायका मदतीला आल्या आणि प्रत्येकीने आपला मिसळणाचा डबा ओट्यावर मांडला, तसे. मी चाराचे तीन हात केले. ओटा चार गिगाबाईटचा दिला, आणि सुरुवातीलाच पूर्ण दिला, म्हणजे मधेच वाढवत बसायला नको. एका वेळी एकच बदल करायचा आणि आकडे वहीत उतरवायचे. पहिल्या मिनिटाचा वेग मात्र धरायचा नाही. वारंवार लागणारा भाग हे यंत्र चालता चालता यंत्रभाषेत उतरवून घेते, त्याला वेळ लागतो. तवा तापल्याशिवाय भाकरी फुगत नाही.

आवरण्याच्या तऱ्हाही निरनिराळ्या आहेत. आमच्या जावाच्या आठव्या आवृत्तीत सारे काम थांबवून सगळे हात आवरायला लागत. २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून दुसरी तऱ्हा रूढ झाली. तिच्यात थोडे थोडे आवरून खोळंबा लहान ठेवतात. पंगत बसली असेल तर दुसरी बरी, कारण वाढपी थांबलेला दिसता कामा नये. पण डबे करताना मध्ये दहा मिनिटे हात थांबले तर कोण पाहतो? अकराला डबे तयार झाले म्हणजे झाले. आमचे काम डब्यांचे होते, म्हणून जुनीच तऱ्हा राहू दिली.

त्या शनिवारी पुन्हा काम लावले. सोमवारी पडद्यावर विषयांच्या याद्या होत्या: गावे, चित्रपट, क्रिकेट, किल्ले… मी त्या नीट वाचल्याही नाहीत. आधी सरांकडे गेले.

"सर, यंत्र कमकुवत नव्हते. मी न पाहताच बोलले."

सरांनी खणातून अर्ज काढला. अजून सही व्हायची होती. त्यांनी तो फाडला नाही. उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पुस्तकांची यादी लिहायला घेतली. "तुझी चार कोणती गं?" एवढेच विचारले.

पुस्तके आता ग्रंथालयात आली आहेत. त्यांतले एखादे हाती घेतले की मला तो एक गिगाबाईटचा आकडा आठवतो. वर्गात एखादी मुलगी मागे पडते, घरात एखाद्याचे काम उरकत नाही, तेव्हा 'याच्यात दमच नाही' हे शब्द पूर्वी चटकन माझ्या ओठांवर येत. आता आधी आईचा प्रश्न येतो, आणि तो विचारायला फारसा वेळ लागत नाही.

— तृतीय वर्ष कला