माळवदाखालचा वीकएन्ड

सोमवार ते शुक्रवार डेडलाइन, शनिवारी मॉल. बोअर झालंय ना? मग गावाकडच्या घराचं कुलूप काढा!

दौलताबादजवळचं आजोबांचं माळवदी घर आम्ही हॉलिडे होम करायला घेतलं. डोक्यात होतं पीओपी, ग्रॅनाइट आणि चकाचक सिमेंट. गावातल्या गवंडीकाकांनीच ब्रेक लावला. ‘‘बाळा, मातीच्या भिंतीला सिमेंट थापलंस तर ओल आतच कोंडते. मग भिंत फुगते.’’ शेवटी चुन्याचा गिलावा केला, माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर दिला. आता मे महिन्यातही एसीची आठवण येत नाही.

सजावटीची खरेदी मात्र औरंगपुऱ्यात! औरंगपुरा ते गुलमंडी पायी फिरायचं, घासाघीस करायची, मध्ये चहा. पितळी समई कोनाड्यात बसली, तांब्याच्या हंड्यात मनीप्लांट लागला. आपल्या शहराची खासियत असलेल्या सुती-रेशमी हिमरूचे उशांना अभ्रे शिवले. आईची विरलेली पैठणी फ्रेम करून ओसरीवर लावली. लुक एकदम हटके!

पहिल्या वीकएन्डला आई आली. सगळं हौसेनं पाहिलं आणि स्वयंपाकघरात थबकली.

‘‘छान केलंत रे. पण माझी चूल कुठाय?’’

चुलीच्या जागी आमचं बार काउंटर होतं. कुणालाच उत्तर सुचेना.

पुढच्या शनिवारी काउंटर निघालं. आईनं स्वतः माती कालवून चूल घातली. आता पाहुणे आले की पैठणीचं कौतुक दोन मिनिटं होतं, गप्पा मात्र चुलीपाशीच रंगतात.

तेव्हा दोस्तांनो, कॅटलॉग उघडण्याआधी त्या घरात राहिलेल्या माणसाला एकदा विचारा.