दहावा माणूस आणि ईएसआय

पोस्ट थोडी लांब आहे. पण ज्यांचा कारखाना, दुकान, हॉटेल आहे त्यांनी आणि जे तिथं कामाला जातात त्यांनीही शेवटपर्यंत वाचावी.

गेली वीस वर्षं मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं करतोय, पीएफ-ईएसआयची चलनं भरतोय. या वीस वर्षांत एक वाक्य मालकांकडून सगळ्यात जास्त ऐकलं : "दहावा माणूस कागदावर घ्यायचा नाही बघा." कारण दहा माणसं झाली की कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय लागू होतो. आणि एकदा लागू झाला की पुढं माणसं कमी झाली तरी सुटत नाही. मग शेडमध्ये चौदाजण राबतात आणि मस्टरवर नऊ असतात. उरलेले "कंत्राटदाराचे". खरं तर कंत्राटदाराची माणसंही मोजणीत धरली जातात, पण तपासणीला कोण येईपर्यंत विचार कोण करतो?

हा विषय आता काढायचं कारण म्हणजे 1948 चा ईएसआय कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. तो सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये गेला आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. वर्गणीचे दर तेच आहेत. जुलै 2019 पासून मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75 टक्के. पण तीन गोष्टी बदलल्यात, त्या नीट समजून घ्या.

पहिली, दहापेक्षा कमी माणसं असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असेल तर आपणहून ईएसआयमध्ये जाता येतं. दुसरी, सरकारनं धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या कामात एक माणूस असला तरी ईएसआय लावता येतो. तिसरी गोष्ट वेतनाच्या व्याख्येची, आणि तिथंच बऱ्याच मालकांचं गणित चुकणार आहे.

जुन्या कायद्यात घरभाडे भत्ता वेतनात धरला जायचा. नव्या व्याख्येत तो बाहेर आहे. फक्त असे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरची रक्कम परत वेतनात येते. समजा सीएनसी ऑपरेटरला मूळ पगार 13,000 आणि घरभाडे 11,000, एकूण 24,000 मिळतात. आधी तो 21,000 च्या मर्यादेमुळं ईएसआयच्या बाहेर होता. आता त्याचं वेतन धरलं जाणार 13,000, म्हणजे तो आत आला. मालकाचे महिन्याला साधारण 423 रुपये, त्याचे 98. तेव्हा "आमच्यात सगळे एकवीसच्या वर आहेत, आम्हाला काही लागत नाही" म्हणणाऱ्यांनी पगारपत्रक परत एकदा काढून बघा.

आता पैशाचंच बोलू. दहा माणसं, सरासरी वेतन 15,000 धरा. मालकाचा हिस्सा महिन्याला 4,875 रुपये, वर्षाला 58,500. छोट्या युनिटला ही रक्कम लागते, नाही म्हणत नाही. पार्टीचं पेमेंट तीन-तीन महिने अडकलेलं असताना चलनाची तारीख जवळ आली की मालकाचा चेहरा कसा होतो, ते मी दर महिन्याला बघतो.

पण दुसरी बाजूही मी बघितलीय. एका युनिटमध्ये पॉवर प्रेसवर एका पोराची दोन बोटं गेली. वय पंचवीसच्या आत. नाव मस्टरवर नव्हतं. मालक माणूस वाईट नाही, रात्रीच खाजगी दवाखान्यात नेलं, सगळं बिल स्वतः भरलं. पहिला महिना पगारही दिला. दुसऱ्या महिन्यात त्यानंही हात टेकले. मग त्या पोराची बायको माझ्याकडं आली, "भाऊ, तुम्ही जरा सायबांना विचारा की, घरात काहीच नाही." पुढं नुकसानभरपाईचा दावा लागला आणि मालकाला एक लेथ विकावी लागली.

हाच पोरगा ईएसआयमध्ये असता तर? बरा होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के रक्कम. कायमचं अपंगत्व आलं तर कमाईची ताकद जेवढी गेली त्या प्रमाणात जन्मभर पैसे. कामावर जीव गेला तर कुटुंबाला दरमहा. आणि या अपघाताच्या लाभासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असली पाहिजे अशी अट नाही, कामाच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. मालकाच्या फायद्याची गोष्ट म्हणजे, माणूस ईएसआयमध्ये असला की त्याच अपघातासाठी मालकावर भरपाईचा वेगळा दावा लागत नाही. म्हणजे हा विमा जेवढा कामगाराचा, तेवढाच मालकाचा. नऊवर थांबून वाचवलेले पैसे एका अपघातात जातात, वर पोलीस स्टेशन आणि कोर्टाच्या फेऱ्या.

यावर मालक मला एकच उत्तर देतात : "काय उपयोग त्या ईएसआयचा? डॉक्टर जाग्यावर नसतो आणि गोळ्या बाहेरनं आणा म्हणतात." ही तक्रार कामगारही करतात आणि ती खोटी नाही. पण हा दवाखाना फुकटचा नाही, हेही लक्षात घ्या. वैद्यकीय खर्चाचा राज्य सरकारचा वाटा आठातला एक. बाकी सात हिस्से महामंडळाचे, म्हणजे आपल्याच वर्गणीचे. चार टक्के दरमहा वेळेवर घेता, तर दवाखान्यात डॉक्टर आणि औषध असलंच पाहिजे. आपल्या उद्योजक संघटना विजेच्या दरावर जेवढ्या जोरात बोलतात, तेवढ्या जोरात यावर कधी बोलल्या?

आणि सरकारलाही एक सांगायचंय. 21,000 ची मर्यादा जानेवारी 2017 पासून तिथंच आहे. मधल्या काळात पगार वाढले, खोलीचं भाडं वाढलं, दवाखान्याची बिलं तर विचारूच नका. पगारवाढ झाली म्हणून ज्याचा विमा जातो, तो कामगार "साहेब, एवढ्यात वाढवू नका" म्हणतो. कायदा नवीन केलात, तर आकडाही आजचा करा.

कामगार भावा-बहिणींनो, पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात आहे का बघा, असेल तर आपला विमा नंबर मागून घ्या आणि घरच्यांची नावं जोडलीत का तपासा. मालकांनो, दहावा माणूस लपवू नका. कोणाला हिशेब समजून घ्यायचा असेल तर संध्याकाळी सहानंतर ऑफिसला या, पगारपत्रक घेऊन या. चहा माझ्याकडून.