बिघडलं त कोनाले इचारशीन?

अकोल्याच्या एका डाळ मिलसाठी मी पहिलं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा अमरावतीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. काम सरळ होतं. तुरीची गाडी धर्मकाट्यावर चढली की वजन थेट कॉम्प्युटरवर यावं, पावती निघावी आणि त्या लॉटचा उतारा किती पडला, म्हणजे डाळ किती न् चुरी किती, ते शेठजींना मोबाइलवर दिसावं.

माझे मित्र असली कामं पीएचपीच्या लाराव्हेलमध्ये करायचे. मी एलिक्सिर भाषा आणि तिचं फिनिक्स फ्रेमवर्क घेतलं. हट्टाचा भाग होताच, पण कारणही होतं. एलिक्सिर उभी आहे अर्लांगच्या पायावर, आणि अर्लांग एरिक्सनने टेलिफोन एक्स्चेंजसाठी १९८०च्या दशकात बनवलेली. व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ साली याच अर्लांगवर एका सर्व्हरला वीस लाख जोडण्या दिल्या होत्या. इथे प्रत्येक काम छोट्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं. एक पडली की वरचा सुपरवायझर दुसरी उभी करतो. एखादा हमाल बसला तर मुकादम दुसरा लावतो आणि गाडी खाली होत राहते, तसंच. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

घरी दर्यापूरला बाबांना सांगितलं. ते कपाशीवाले. त्यांना फ्रेमवर्क काय कळणार, असं मला वाटलं. त्यांनी एकच विचारलं, "तू पुन्याले गेल्यावर ते बिघडलं त शेठ कोनाले इचारन?"

मी हसून विषय बदलला. खरं तर या प्रश्नाचं उत्तर आमच्या वावरातच होतं. देशी कपाशी कोरड तग धरते, रसशोषक किडींना सहज बळी पडत नाही, आणि बियाणं घरचंच ठेवता येतं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं एकेए-७ हे देशी वाण आमच्या भागात लोकांना माहीत आहे. तरी बाबा बीटी लावतात. देशीचा धागा आखूड, म्हणून गिऱ्हाईक कमी. बीटीचं पाकीट मात्र प्रत्येक कृषी केंद्रात मिळतं, आणि पानावर ठिपका दिसला तर शेजारच्या धुऱ्यावरचा माणूसही फवारा सांगतो. बाबा नुसतं बियाणं घेत नव्हते, विचारायला माणसं घेत होते.

मी पुण्याला नोकरीला लागलो. सॉफ्टवेअर दोन हंगाम एकदाही पडलं नाही. तिसऱ्या वर्षी, ऐन तुरीच्या आवकेत, मिलमधला जुना कॉम्प्युटर बदलला आणि काट्याचं वजन येणं बंद झालं. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या पोराने माझा कोड उघडला आणि तसाच बंद केला. माझा फोन दिवसभर मीटिंगमध्ये सायलेंट. शेठजींनी दोन दिवस वहीवर पावत्या केल्या. बाहेर गाड्यांची रांग लागली, आणि वजन लिहिण्यावरून एका शेतकऱ्याशी वाद झाला.

शनिवारी सकाळी मी अकोल्याला उतरलो. दुरुस्ती दहा मिनिटांची निघाली. नव्या कॉम्प्युटरवर काट्याच्या पोर्टचं नाव बदललं होतं, एक ओळ बदलायची होती. फिनिक्सचा यात काही दोष नव्हता. लाराव्हेलमध्येही नेमकं हेच झालं असतं. फरक एवढाच की तिथे त्या पोराने एरर गूगलवर टाकला असता, अकोल्यातल्याच चार जणांना विचारलं असतं, आणि हात लावायची हिंमत केली असती.

शेठजी रागावले नाहीत. चहा मागवला आणि म्हणाले, "भाऊ, तुमचं सॉफ्टवेअर चांगलंच हाये. पन ते तुमचंच हाये." मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

म्हणून सगळ्यांनी घेतलंय तेच घ्या, असं मी म्हणणार नाही. गर्दीची स्वतःची बोंडअळी असते. गूगलच्या अँग्युलरजेएसवर हजारोंनी करिअर उभं केलं. २०१६ साली आलेलं अँग्युलर इतकं वेगळं होतं की जुना कोड नव्याने लिहावा लागला, आणि २०२१च्या अखेरीस जुन्याचा आधारही संपला. २०१६च्याच मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं, तर जगभरचे प्रोजेक्ट अडकले. सगळ्यांनी एकच वाण लावलं की कीडही सगळ्यांकडे एकदम येते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आमच्याकडे हेच दाखवलं. उलट अर्लांग इतकी वर्षं कमी लोकांत, पण मजेत जगते आहे.

आता मी दोन प्रश्न वेगळे ठेवतो. मला काय शिकायचंय आणि दुसऱ्याच्या धंद्यात काय बसवायचं. पहिल्याचं उत्तर माझ्या ओढीने द्यावं. चूक झाली तर माझ्याच चार रात्री जातात. दुसऱ्याचं उत्तर देताना मी आधी त्या गावात फिरून बघतो, की मी नसताना याला हात लावेल असं कोण आहे. कोणी नसेल, तर एक माणूस शिकवून तयार करायचा खर्च अंदाजपत्रकात लिहितो. तो परवडत असेल तर खुशाल वेगळं घ्यावं.

त्या उन्हाळ्यात शनिवार-रविवार येऊन मी सगळं लाराव्हेलमध्ये पुन्हा लिहिलं, पैसे न घेता. त्या पोराला शेजारी बसवून लिहिलं. उताऱ्याचा आकडा आधी आपोआप हलायचा, आता पान पुन्हा उघडावं लागतं. मला ते खटकतं, शेठजींना नाही.

मागच्या हंगामात प्रिंटर बदलला, पावतीचा आकारही बदलला. मला ते महिन्याभराने कळलं, तेही सहज बोलताना. पोराने स्वतःच निस्तरलं होतं. फोन ठेवल्यावर थोडं चुकल्यासारखं वाटलं. मग बाबांना फोन लावला आणि सांगितलं, "आता इचारायले मानूस हाये तिथं."